मोटारींची शर्यत आणि इंग्रजांचे ताट

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली होती : विषय वैद्यकीय नको, कारण गेल्या अंकात मधुमेहावर चार लेख झाले. म्हणून मी मोटारींच्या शर्यतींविषयी लिहावयाचे ठरविले. शर्यतींवरून जेवणाकडे आणि जेवणावरून पुन्हा माझ्या व्यवसायाकडे मी कसा घसरलो ते पुढे दिसेलच. त्याबद्दल मंडळाने उदार मनाने क्षमा करावी.

आपणा इंदूरकरांना खाण्यावरून वाद घालणे शिकवावे लागत नाही. पोह्यांवर शेव किती आणि जिरावण किती, हा प्रश्न निघाला तर आपल्यापैकी कित्येकांची ओ.पी.डी. दहा मिनिटे उशिरा सुरू होते. तरीही खाण्यावरचा सर्वांत चिवट वाद मी ऐकला तो सराफ्यात नव्हे, तर इंग्लंडमध्ये, आणि तोही मोटार शर्यतींच्या शौकिनांच्या तोंडून. १९९९ ते २००२ ही तीन वर्षे मी इंग्लंडच्या मध्यभागातील एका रुग्णालयात बालरोग विभागात काम करीत होतो. सिल्व्हरस्टोनचा प्रसिद्ध धावमार्ग तेथून तासाभराच्या अंतरावर होता. भूलशास्त्र विभागातील एक वरिष्ठ डॉक्टर, त्यांची पत्नी, वॉर्डातील दोन परिचारिका आणि क्ष-किरण विभागातील एक तंत्रज्ञ अशी शर्यतवेड्यांची एक टोळी तेथे होती. शाळेत असताना मी वर्तमानपत्रांतील मोटारींची चित्रे कापून वहीत चिकटवीत असे, हे कळल्यावर त्यांनी मला आपल्यात घेतले.

या मंडळींची एक गंमत होती. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण दीड-दोन तासांत आटोपते. पण तिच्यासाठी माणसे तीन-चार दिवस घराबाहेर पडतात, जहाजाने खाडी ओलांडतात, चिखलात तंबू ठोकतात आणि दिवसातून तीन वेळा भुकेली होतात. त्यामुळे परतल्यावर कोण जिंकले याची चर्चा अर्ध्या तासात संपे आणि काय खाल्ले याची महिनाभर चाले. प्रत्येकाने युरोपातील धावमार्गांची जेवणाच्या गुणानुक्रमे यादी केलेली असे. इटलीतील मोंझा पहिले, यावर सर्वांचे एकमत. बेल्जियममधील स्पा आणि फ्रान्समधील ल मॉं यांच्यात दुसऱ्या क्रमांकासाठी चुरस. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग चौथे. आणि सिल्व्हरस्टोन शेवटचे, तेही बिनविरोध. हा निवाडा देणारे सारे इंग्रजच होते. आपल्या जेवणाला नावे ठेवणे हा इंग्रजांच्या अभिमानाचाच एक प्रकार आहे, हे कळायला मला वर्षभर लागले.

सिल्व्हरस्टोनची बाजू घ्यावी असे तेव्हा मलाही वाटले नव्हते. २००० साली ही शर्यत नेहमीच्या जुलैऐवजी एप्रिलमध्ये, ऐन ईस्टरच्या रविवारी ठेवली होती. पावसाने वाहनतळांचा रबडा झाला आणि शनिवारी तर हजारो प्रेक्षकांना आत येऊ नका असे सांगावे लागले. रविवारी आम्ही कसेबसे पोहोचलो. गाड्यांवर मिळत होते ते असे : डुकराच्या मांसाचे खारवलेले काप घातलेला गोल पाव, बर्गर, जाड कापलेले नरम बटाटे आणि कागदी पेल्यातील चहा. मी अंड्यापलीकडे जात नाही. माझ्या वाट्याला सालासकट भाजलेला बटाटा आला. त्यावर किसलेले चीज आणि टोमॅटोच्या गोडसर रसातील डबाबंद पांढरे दाणे. हे दाणे आपल्या राजम्याच्या जातीचे, पण चवीला जणू साखरेच्या पाकातून काढलेले. मात्र एक गोष्ट नोंदली पाहिजे. शाकाहाऱ्याला काय चालेल हे विकणाऱ्या बाईने न विचारता सांगितले, आणि पाकिटावरही तसे छापलेले होते. ज्या देशात १८४७ साली शाकाहारी मंडळ स्थापन झाले, त्या देशाची ही सवय आहे. युरोप खंडात मला ती क्वचित भेटली.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आम्ही स्पाला गेलो. आर्देनच्या दाट रानातून वर-खाली जाणारा तो मार्ग पाहिला की मोटारींशी ज्यांचा काहीही संबंध नाही त्यांनाही थबकावेसे वाटेल. तेथील तळलेले बटाटे हा बेल्जियन लोकांचा राष्ट्रीय मानबिंदू. बटाटा दोनदा तळायचा, पहिल्यांदा मंद आचेवर आणि थोडा निवल्यावर पुन्हा कडक आचेवर, म्हणजे बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो. कागदाच्या शंकूत भरून वर मेयोनेजचा गोळा. शर्यत रंगात आली असताना मी त्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर लागणार तोच भूलतज्ज्ञांच्या पत्नीने धावत येऊन सांगितले, की येथे पारंपरिक पद्धतीने बटाटे गाईच्या चरबीत तळतात. मी मुकाट्याने रांगेतून बाहेर पडलो. नेमक्या त्याच वेळी टेकडीपलीकडे एकच गलका उठला. हॅकिनेनने एका मागे पडलेल्या गाडीला मध्ये ठेवून शूमाकरला मागे टाकले होते. मोटार शर्यतींच्या इतिहासातील सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या क्षणांपैकी तो एक. तेलही गेले, तूपही गेले, आणि चरबी तर नकोच होती.

मोंझाला आणि न्युर्बुर्गरिंगला मी स्वतः गेलेलो नाही, पण त्यांच्या जेवणाची वर्णने इतकी ऐकली आहेत की परीक्षा देऊ शकेन. मोंझाचा मार्ग १९२२ साली एका जुन्या राजोद्यानात बांधला गेला आणि भोवतालचा ब्रियान्झा परगणा भात व सॉसेजसाठी नावाजलेला. तेथील केशरी भातात हे सॉसेज घालतात आणि त्या पदार्थाला मोंझाचेच नाव आहे. थोडे दक्षिणेला मोडेना. एका हाताच्या अंतरावर फेरारीचा कारखाना, पार्मेजान चीज आणि वर्षानुवर्षे पिंपांत मुरवलेला द्राक्षांचा शिरका, असा हा मुलूख. न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या मार्गाच्या वेढ्यात तर न्युर्बुर्ग नावाचे गावच वसलेले आहे. प्रसिद्ध महिला शर्यतपटू झाबिने श्मित्स, ज्यांचे २०२१ साली कर्करोगाने निधन झाले, त्या तेथील एका हॉटेलवाल्या कुटुंबात वाढल्या. म्हणजे धावमार्ग आणि स्वयंपाकघर एकाच अंगणात. सिल्व्हरस्टोनचे तसे नाही. ते कोणाचे अंगण नव्हते. ती युद्धकाळातील बॉम्बफेकी विमानांची धावपट्टी होती.

हा फरक मला तेव्हा कळला नव्हता. तो कळला ल मॉं येथे, २००१ च्या जूनमध्ये, आणि ज्या प्रसंगाने कळला त्याची आठवण आजही मला संकोचात टाकते.

ल मॉंची शर्यत चोवीस तासांची. १९२३ पासून ती भरते आणि खाडी ओलांडून हजारो इंग्रज तिला जातात. त्या वर्षी गर्दी अधिकच होती, कारण बेंटली कंपनी १९३० नंतर प्रथमच तेथे उतरत होती. पाऊस असा कोसळत होता की गाड्या दिसण्याआधी त्यांनी उडवलेले पाणी दिसे. आमच्या शेजारी एका फ्रेंच कुटुंबाचा तंबू होता. त्यांनी छताखाली घडीचे मेज मांडले, त्यावर चक्क कापड अंथरले, लांब पाव, ल मॉंचे प्रसिद्ध मुरवलेले मांस, दोन प्रकारचे चीज आणि टरबुजाच्या फोडी ठेवल्या. तीन-चार वर्षांची त्यांची मुलगी त्याच मेजाशी बसून तेच खात होती. तिच्यासाठी वेगळे काही नव्हते. इकडे आमचे भूलतज्ज्ञ, वय वर्षे चोपन्न, छत्री मानेत अडकवून लहानशा गॅसच्या शेगडीवर डबाबंद दाणे गरम करीत होते. सहा डबे ते इंग्लंडहून घेऊन आले होते. पाव, चहा, दुधाची भुकटी, सारे घरचे. जगातील उत्तम जेवणाच्या देशात येऊन हा गृहस्थ स्वतःचे डबे उघडतो, याचे मला फार हसू आले. मी सर्वांसमोर म्हणालो, "तुम्ही मसाल्यांसाठी अर्धे जग जिंकलेत, आणि त्यातली एक चिमूट काही स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली नाही!" विनोद जुनाच होता, पण सगळे हसले. तेही हसले.

रात्री दोन-अडीचच्या सुमारास पाऊस ओसरला. आम्ही दोघेच कठड्यापाशी उभे होतो. समोरून गाड्यांचे दिवे जात होते. ते एकाएकी म्हणाले, "माझी आई स्वयंपाक करीत नसे. ती मोजत असे." मग त्यांनी सांगितले ते येथे थोडक्यात देतो. त्यांचा जन्म १९४७ चा. युद्ध संपून दोन वर्षे झाली होती, पण शिधापत्रिका संपली नव्हती. माणशी आठवड्याला लोणी दोन औंस, चीज दोन औंस, साखर आठ औंस, चहा दोन औंस आणि एक अंडे, असा तो प्रसिद्ध शिधा. प्रमाण अधूनमधून कमीजास्त होई, पण मोजणे सुटत नसे. औंस म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम हे ध्यानात घेतले, म्हणजे आपल्याकडे एका पाहुण्याच्या पोळीला किती आठवड्यांचे तूप लागते याचा हिशेब करता येईल. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटांवरील बंधन उठले, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर मुलांची रांग लागली. त्यांनी खिशातील सगळ्या नाण्यांची टॉफी घेतली, एकदम खाल्ली आणि संध्याकाळी ओकले. "त्या घरात मसाला होता की नव्हता," ते म्हणाले, "हे आईला विचारण्याची वेळ कधी आली नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो, आणि माझे मत पालटले. ते मत असे, की शर्यतशौकिनांची ती यादी पदार्थांची नसून वेगवेगळ्या देशांतील बालपणांची आहे.

तारखा पाहा. बेकन, लोणी व साखर यांपासून ब्रिटनमध्ये शिधावाटप सुरू झाले ते जानेवारी १९४० मध्ये, आणि मांसावरील अखेरचे बंधन उठले ४ जुलै १९५४ रोजी. साडेचौदा वर्षे. पावावर तर युद्ध चालू असताना बंधन नव्हते. ते जगभरच्या धान्यटंचाईमुळे विजयानंतर, १९४६ साली आले आणि १९४८ पर्यंत राहिले. १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोनला जागतिक अजिंक्यपद मालिकेतील पहिली शर्यत झाली, राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत. जिंकली ती इटालियन फारिनाने, इटालियन आल्फा रोमिओ गाडीत. त्या दिवशी प्रेक्षकांनी घरून बांधून आणलेल्या सँडविचमधील लोणी, चीज, बेकन हे सारे शिधापत्रिकेवरचे होते. ज्या पेट्रोलवर ते तेथे आले तेही शिधापत्रिकेवरचे होते. पेट्रोलवरील बंधन त्यानंतर तेरा दिवसांनी उठले. म्हणजे इंग्रज माणसाला मोटार हवी तशी चालविण्याची मुभा मिळाली, त्यानंतर चार वर्षांनी मांस हवे तेवढे खाण्याची मिळाली.

कोणी म्हणेल, युद्ध तर युरोपनेही भोगले, आणि अधिक क्रूरपणे भोगले. अगदी खरे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात माणसे ट्यूलिपचे कंद खाऊन जगली आणि हजारो मेली. (त्याच टंचाईत, पाव मिळेनासा झाल्यावर सीलियाक रोगाची बालके सुधारतात आणि पाव परत आला की ढासळतात, या निरीक्षणाने हेगचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांचा गव्हाविषयीचा जुना संशय पक्का झाला. त्यांचा प्रबंध १९५० चा. माळव्यासारख्या गव्हाच्या मुलखात काम करणाऱ्या आम्हा मंडळींवर त्या माणसाचे ऋण आहे.) मग युरोपची चव वाचली आणि इंग्लंडची का नाही? माझ्या मते याचे उत्तर शेतापासून चुलीपर्यंतच्या अंतरात आहे. १८५१ च्या शिरगणतीतच इंग्लंड-वेल्समध्ये खेड्यांपेक्षा शहरांत राहणारे लोक अधिक झाले होते. युद्धापूर्वी ब्रिटनचे सुमारे दोन-तृतीयांश अन्न जहाजांनी बाहेरून येई. फ्रान्स-इटलीत मात्र पिढ्यान् पिढ्या शेतावर राहिलेली आजी जिवंत होती आणि तिच्या परसात कोंबडी होती. ब्रिटिश सरकारने युद्धकाळात बहुतेक दूध एकाच ठरावीक प्रकारच्या चीजकडे वळविले. गावोगावच्या चीजच्या जाती त्यात बुडाल्या आणि त्या करणारी घराणीही. एकदा मोडलेली परंपरा शिधापत्रिका फाडून टाकल्याने परत येत नाही. पंधरा वर्षे ज्या मुलीने आईला केवळ मोजताना पाहिले, ती पुढे आपल्या मुलाला काय रांधून घालणार?

येथवर आलो की माझ्यातला बालरोगतज्ज्ञ मध्ये बोलू लागतो, कारण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती शर्यतीच्या तंबूंत कोणी सांगत नाही. ही बेचव पंधरा वर्षे मुलांच्या दृष्टीने वाईट नव्हती. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन आणि त्यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांनी शिध्याची आखणी पोषणशास्त्रावर केली. १९४० पासून गर्भवती स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांना स्वस्तात वा मोफत दूध, पुढे संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेल. १९४६ पासून सर्व शाळकरी मुलांना फुकट दूध. गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाइतके दूध त्या देशाच्या इतिहासात प्रथमच मिळाले. इंग्लंड-वेल्समध्ये १९४१ साली हजार जन्मांमागे सुमारे साठ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९४५ साली हा आकडा शेहेचाळीसच्या आसपास आला आणि १९५० साली तीसच्या. सारे श्रेय अन्नाचे नाही, सल्फा औषधे आणि पेनिसिलिन त्यात आहेतच. पण ज्या काळात बॉम्ब पडत होते त्या काळात बालमृत्यू घटत होते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आणि २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचून मला ल मॉंची ती रात्र पुन्हा आठवली. साखरेवरील बंधन सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि ब्रिटनमधील साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या माणसांची साठाव्या वर्षापर्यंतची प्रकृती संशोधकांनी ताडून पाहिली. ज्यांचे गर्भावस्थेतील दिवस आणि पहिली दोन वर्षे कमी साखरेत गेली, त्यांच्यात टाइप दोन मधुमेहाचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचे सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे ज्या आईच्या मोजमापाला मी हसलो होतो, तिने मुलाला चव दिली नसेल, पण बरेच काही दिले होते. (मधुमेह अखेर आलाच. संपादकांनी पुन्हा क्षमा करावी.)

इंग्लंडचा खरा गुन्हा टंचाईच्या काळात घडलेला नाही. तो सुबत्तेत घडला. मोडलेल्या परंपरेच्या रिकाम्या जागेत डबे आणि पाकिटे शिरली. १९७१ साली सात वर्षांवरील मुलांचे फुकट दूध बंद झाले. १९८० च्या कायद्याने शालेय जेवणाचे पोषणविषयक निकषच काढून टाकले. २००५ साली जेमी ऑलिव्हर या आचाऱ्याने दूरचित्रवाणीवर शाळांतील जेवण दाखविले, तेव्हा टर्कीच्या मांसाचे तळलेले मळसूत्री तुकडे पाहून तो देश हादरला आणि पुढच्या वर्षापासून निकष परत आले. मी तेथे होतो तेव्हा हे सारे ऐन भरात होते. वॉर्डातील मुलांना मी गाजर आणि कोबी बाजूला सारताना पाही, आणि त्यांच्या आयांनाही तसेच करताना पाही. आज इंग्लंडमधील प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्गात तिघांपैकी एकाहून अधिक मुले अतिवजनाची आहेत.

पण म्हणून शेजारच्या तंबूतील मेजावरच्या कापडाला दंडवत घालावा असेही नाही. फ्रान्समध्ये शाळेच्या जेवणात चौदा वर्षांखालील मुलांना वाइन देण्यावर बंदी आली ती १९५६ साली. तोवर ती दिली जात होती! आणि जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातील शाळकरी मुलांची जी पाहणी चालविली आहे, तीत सर्वाधिक लठ्ठ मुले आढळली ती इटली, ग्रीस, स्पेन, सायप्रस येथे, म्हणजे ज्यांच्या आहाराचे गुणगान आपण परिषदांतून करतो त्याच भूमध्यसागरी देशांत. मोंझाचा भात अजून तसाच उत्तम आहे, पण तो आजोबा खातात. नातवाच्या हातात पाकीट आहे. फ्रान्सचे आकडे त्या मानाने बरेच बरे आहेत. याचे कारण मला तरी त्या तीन-चार वर्षांच्या मुलीत दिसते. तिला मोठ्यांबरोबर बसवले होते आणि मोठ्यांचेच वाढले होते. फ्रेंच शाळांतही दुपारचे जेवण बसून, एकामागून एक पदार्थ वाढून होते. मुलाने एक पदार्थ नाकारला तर तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

चव ही शिकविली जाते, ही गोष्ट आता पुराव्याने सिद्ध झालेली आहे. अमेरिकेतील ज्यूली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले, की गरोदरपणी वा अंगावर पाजताना ज्या मातांनी गाजराचा रस घेतला त्यांच्या बाळांनी गाजर घातलेली पेज अधिक आवडीने खाल्ली. नवा पदार्थ बाळाने स्वीकारावा म्हणून तो आठ-दहा वेळा पुढे करावा लागतो. आपल्या आया तीन वेळा करतात आणि माझ्याकडे येऊन म्हणतात, "डॉक्टर, हा काहीच खात नाही." काहीच म्हणजे काय, असे विचारले की कळते : चहात बुडवलेली बिस्किटे खातो, शेव खातो, मोबाइल समोर धरला तर नूडल्स खातो. घरात आजी असते, तिला भाताची पेज, मुगाचे वरण, ज्वारीचे आंबील, सारे येते. पण तिला विचारायला कोणाला वेळ नाही.  इंग्लंडला आपली स्वयंपाकाची परंपरा घालवायला एक औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे आणि साडेचौदा वर्षांचे शिधावाटप लागले. आपण ते काम एका पिढीत, कोणाच्याही जुलमाविना करीत आहोत. पहिल्या वाढदिवसाला केक, पेढे आणि शीतपेय यांचे फोटो मला कौतुकाने दाखविणारे पालक सुशिक्षित असतात आणि, लिहायला हरकत नाही, त्यांतले काही या स्मरणिकेचे वाचकही असतात. माझ्या स्वतःच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटोही फार वेगळे नाहीत.

२०१६ च्या जुलैमध्ये एका परिषदेच्या निमित्ताने मी पुन्हा इंग्लंडला गेलो. भूलतज्ज्ञ निवृत्त झाले होते. त्यांनी सिल्व्हरस्टोनची दोन तिकिटे काढून ठेवली होती. पाऊस होताच. इतका, की शर्यत सुरक्षा-गाडीमागून सुरू करावी लागली. हॅमिल्टन जिंकला. खाण्याच्या गाड्यांची रांग पाहून मी चकित झालो : लाकडाच्या भट्टीतील पिझ्झा, लेबनॉनी फलाफल, मेक्सिकन पोळ्या आणि एका टोकाला समोसे. मी त्यांना चिडविण्यासाठी विचारले, "दाण्यांचा डबा आणलात ना?" ते म्हणाले, "डॉक्टरांनी मीठ-साखर कमी करायला सांगितली आहे," आणि समोशाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. एक घास खाऊन त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटले, तिखट लागला. "आपल्या रुग्णालयाच्या उपाहारगृहात तुम्ही लोक डब्यातून आणायचात," ते म्हणाले, "त्याच्यापुढे हा अगदीच मिळमिळीत आहे." उरलेला अर्धा त्यांनी माझ्यापुढे धरला. मी खाऊन पाहिला. त्यांचे म्हणणे खरे होते.